तीन गोळ्यांची चूल

ज्याच्या हाताला चैन नाही त्याला नारळाची सोडणं काढायला द्यावीत, काथ्या वळायला द्यावा, अगदीच काही नसेल तर तांदूळ निवडायला बसवावं. पण फिरवता येईल असा स्क्रू ज्या वस्तूला आहे, ती वस्तू त्याच्या हातात देऊ नये. हे मी कुठे वाचलेलं नाही, संसार करून शिकले. आमच्या भिंतीवरच्या घड्याळाला काटे होते, पण वेळ नव्हती, कारण आमचे हे येता-जाता त्याचं दार उघडून काहीतरी मागेपुढे करायचे. कंदिलाची वात मी खाली करावी, यांनी वर करावी. काच काळी व्हायची, ती पुसायची मी. विचारलं तर म्हणायचे, "नीट दिसत नाय गो." मला वाटायचं, फिरवायची खाज आहे, दुसरं काय!

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती. आता ते नाहीत, आणि मला ओरडणारंही कोणी उरलं नाही, म्हणून सांगते. लवू. गाव त्यांना लवू हवालदार म्हणायचा. मराठा पलटणीत होते, लढाईत इटलीपर्यंत जाऊन आले आणि पेन्शन घेऊन घरी बसले. बसले म्हणजे काय, बसायचं नावच नव्हतं! कधी विहिरीचा रहाट खोल, कधी शेजाऱ्याची सायकल खोल. मी शिरोड्याची, नाव नर्मदा, सातवी पास. लग्न होऊन या मिठबावच्या पलीकडच्या वाडीत आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, पोरीची जीभ जरा तिखट आहे. होतीच. पण या माणसाशी संसार करायला गोड जिभेचा काय उपयोग होता, मला सांगा.

आता गोष्ट मानाची. आमच्याकडे देवळातल्या मानासाठी माणसं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात. पालखीला पहिला खांदा कोणाचा, नारळ कोणी ठेवायचा, सगळं ठरलेलं. आमच्या घराकडे मान होता पारधीतल्या पहिल्या बाराचा. शिमग्यात होळी झाली की सगळा गाव देवाच्या नावानं रानात शिकारीला निघतो. गुरव गाऱ्हाणं घालतो, हाकारे ओरडत, डबे वाजवत रान उठवतात, आणि पहिलं जनावर बाहेर पडलं की त्याच्यावरचा पहिला बार आमच्या घरातल्या पुरुषानं मारायचा. तोवर बाकी कोणी चापाला बोट लावायचं नाही. माझ्या सासऱ्यांनी ठासणीच्या बंदुकीनं हा मान राखला. यांच्याकडे तर शेतीच्या परवान्यावरची चांगली रायफल होती, आणि पलटणीतला हात.

पण चौसष्ट सालच्या शिमग्यात हे चुकले. साधे चुकले नाहीत. डुक्कर एका बाजूनं गेलं आणि गोळी गेली भलतीकडे, जिथे आमच्या वाडीतला विश्राम हाकाऱ्यांच्या पुढे उभा होता तिथल्या कातळावर. दगडाची कपची उडून त्याच्या गालाला लागली. रक्तानं भिजलेलं धोतराचं टोक गालाला धरून तो वाडीत आला तेव्हा त्याच्या बायकोनं माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. देवाच्या पारधीतली जखम म्हणून कोणी बोभाटा केला नाही. विश्राम स्वतःच म्हणाला, "वयनी, कपची लागली, गोळी थोडीच लागली?" पण म्हणताना हसला नाही.

बोलला तो काशिनाथ. हा माझा चुलत दीर, मागच्या परड्याला लागून त्यांचं घर. मूळपुरुष एकच, म्हणून या मानावर त्यांच्या घराचा डोळा तीन पिढ्यांपासून. देवळासमोर सगळ्यांच्या देखत म्हणाला, "ही देवाची पारध आसा, चेष्टा न्हय. दादाचो हात गेलो आसलो तर मान आमच्या घराक येंवदे." हे उठले, तो उठला, चार माणसं मध्ये पडली. शेवटी भिकाजी गुरवानं पाषाणाला तांदळाचे दाणे लावून कौल घेतला. देवानं एका वर्षाची सवड दिली. पुढच्या शिमग्यात पहिला बार लागला तर मान आमचा, चुकला तर काशिनाथाच्या घराचा, कायमचा.

त्या दिवसापासून या माणसाचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. ताटावरून मध्येच उठावं, बंदुकीची नळी पुसावी, पुन्हा येऊन थंडगार पेज प्यावी. "हात गेलो म्हणता! माझो हात!" असं भिंतीशी बोलावं. मग कोणीतरी सांगितलं की गोव्यातून पोर्तुगीज गेल्यापासून तिथल्या एका भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं, सामान विकायला निघालंय, त्यात शिकारीच्या बंदुकीवर बसवायची दुर्बीण आहे. हे आरोंद्याच्या तरीनं पलीकडे गेले आणि ती घेऊन आले. सावंतवाडीच्या मिस्त्रीनं दोन कड्यांत ती रायफलीवर बसवून दिली. ही बातमी काशिनाथाला कळायला किती वेळ लागणार? परड्याच्या दगडी गडग्यापलीकडून आवाज आला, "नाचाक येना, आंगण वाकडा!" मी इकडून म्हटलं, "भाऊजी, तुमचा आंगण तरी सरळ आसा काय, बघा आधी." पण ते बोलणं मनात बसलं.

दुर्बिणीतून मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा समोरच्या माडाच्या झावळीचं एकेक पातं दिसलं, आणि मधोमध कोळिष्टकासारख्या दोन बारीक रेघा, आडवी आणि उभी. त्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे गोळी गेली पाहिजे. पण नव्यानं बसवलेल्या दुर्बिणीत ती जात नाही. दुर्बीण बघते एकीकडे, नळी बघते दुसरीकडे. दोघांची नजर एक करायची असते. त्यासाठी दुर्बिणीच्या पाठीवर एक बटण आणि उजव्या कुशीला एक, वर पितळेच्या टोप्या. टोपी काढायची आणि फिरवायचं. फिरवलं की टिक टिक वाजतं.

"ह्या वरचा बटन फिरवला तर गोळी वर-खाली," हे मला सांगायचे. "ह्या बाजूचा फिरवला तर उजवी-डावी. पण एका गोळयेन काय कळना नाय. तीन मारूची, एकाच नेमार. तीन भोकां कागदार बसतत, चुलीच्या तीन दगडांसारखी. त्या चुलीच्या मधी बंदूक बघता. मगे चूल खंय मांडली गेली ता बघून बटन फिरवचा."

"आणि चूल पसरली तर?" मी विचारलं.

"चूल पसरली तर बटनाक हात लावूचो नाय. मगे दुखणा दुसऱ्या जाग्यार."

हे सगळं मला शिकवायचं कारण म्हणजे कागदाकडे जाऊन भोकं बघायला यांना माणूस हवं होतं. स्वतः का जात नाही म्हटलं तर, "तुझे डोळे तरणे." घरचं काम टाकून मी निघायचे. आमच्या वाडीच्या डोक्यावर कातळाचा मोठा सडा आहे, पावसाळा सोडला तर तिथे गवताची काडी हिरवी नसते. त्याच्या टोकाला चिऱ्यांची जुनी खाण. खाणीच्या भिंतीला फळी टेकवायची, तिच्यावर जुन्या कॅलेंडरचा कोरा भाग पेजेच्या खळीनं चिकटवायचा आणि मधोमध काजळाचा रुपयाएवढा टिळा. हे सड्याच्या अलीकडच्या टोकाला पालथे पडायचे, समुद्राच्या पुळणीची वाळू भरलेल्या गोणपाटावर रायफल ठेवून. मी बाजूच्या गडग्याआड बसायचे, बार झाला की हाक आली म्हणजे जायचे.

पण तीन गोळ्या! कुठल्या तीन गोळ्या? एक बार झाला की यांचा हात बटणावर. "खंय लागली?" मी सांगावं, "खाली, उजव्या अंगाक." टिक टिक टिक. दुसरा बार. "आता?" "आता वर, डाव्या अंगाक." टिक टिक टिक. तिसरा फळीलाच नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. म्हटलं, "अहो, तीन मारूची म्हणून तुमीच सांगलात मा? एक मारतात नि फिरवतात! भाताक उतू येवच्या आधी कोण दर क्षणाक ढवळता काय?"

"तुका काय कळता?" ते वसकन अंगावर यायचे. मग घरी येताना वाटेत पुन्हा थांबून टोपी काढायची, एक टिक इकडे, एक टिक तिकडे. काडतुसं काही आभाळातून पडत नव्हती. श्रावण गेला, गणपती गेले, भातं कापून झाली. शिमगा जवळ येत होता, आणि फळी तशीच चाळणीसारखी. रात्री मला झोप लागायची नाही. मानाची मला फिकीर होती असं नाही, खरं सांगते. मान चाटून काय पोट भरतं? पण मान गेला की हा माणूस जाईल, एवढं मला दिसत होतं.

पौषात एक गोष्ट घडली. मी सकाळी वेणी घालायला बसले आणि खोबरेलाची बाटली उलटी केली तर तेल पडेना. थंडीनं थिजून लोणी झालेलं. चुलीजवळ ठेवली तेव्हा सुटलं. आणि माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मी आठवायला लागले. आम्ही सकाळी लवकर सड्यावर जायचो तेव्हा पहिल्या गोळ्या त्यातल्या त्यात जवळ पडायच्या. ऊन चढलं की भरकटायच्या. आता आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यात लोखंड चार दिवसांत लाल होतं. म्हणून विळी, कोयती, कुलूप, सगळ्याला खोबरेल. हे तर रोज सकाळी देवपूजा केल्यासारखं रायफलीला खोबरेल लावायचे, आणि दुर्बिणीच्या कड्यांना, कड्यांच्या स्क्रूंनाही बोट भरून!

मी बाटली तशीच घेऊन पडवीत गेले. "अहो, ह्या बघा. सकाळी थिजता, दुपारी वितळता. तुमची दुर्बीण तेलात बसली आसा. बार झालो की ती कडयेत सरकतली नाय तर काय करतली?"

ते बाटलीकडे बघत राहिले. मग कपाळावर हात मारला. इतका आनंद त्यांच्या तोंडावर मी लग्नातही पाहिला नव्हता. "आवशीक खाव त्या तेलाक!" म्हणाले आणि तिथल्या तिथे सगळं खोललं. रॉकेलनं कड्या धुतल्या, स्क्रू धुतले, कोरड्या फडक्यानं पुसले, बसवले, आवळले. "आता बघ. आता तीन गोळी एका भोकातसून जातली." त्या दिवशी मी घावने केले. दोघं पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी सड्यावर गेलो. मी त्यांना शपथ घातली, तीन मारल्याशिवाय टोपी काढायची नाही. त्यांनी पाळली. तीन बार झाले. मी फळीकडे गेले. एक भोक वर डाव्या कोपऱ्यात, एक टिळ्याच्या खाली, एक पार उजवीकडे कडेला. चूल कसली, तीन घरच्या तीन चुली!

"एकत्र आसत मगो?" लांबून त्यांनी ओरडून विचारलं. मी नुसती मान हलवली, तर पुन्हा ओरडले, "काय ता सांग ना!" सांगितलं. ते उठून बसले, रायफल गोणपाटावर आपटायला उचलली आणि मग हळूच ठेवली. म्हणाले, "दुर्बीणच फुटकी आसा. भायरसून बरी दिसता. बटन फिरवला तरी आत काय फिरना नाय, नायतर फिरता नि परत घसारता. त्या भाटकारान माका फसवला."

"मगे बघूया तपासून," मी म्हटलं. "तपासूची काय रीत नाय काय तुमच्या पलटणीत?"

रीत होती. एकाच टिळ्यावर नेम धरायचा. एक गोळी मारायची. मग बाजूचं बटण ठरावीक टिका उजवीकडे फिरवायचं, त्याच नेमावर दुसरी. मग वरचं बटण तेवढंच वर, तिसरी. मग तेवढंच डावीकडे, चौथी. मग तेवढंच खाली, आणि पाचवी. दुर्बीण खरी असेल तर कागदावर चौकट उमटते आणि पाचवी गोळी पहिलीच्या भोकापाशी येऊन बसते. खोटी असेल तर चौकट तिरकी होते, उघडी राहते.

"मारा तर," मी म्हटलं.

त्यांनी एक काडतूस भरलं. मग रायफल माझ्याकडे सरकवली. "माझो हात थारार नाय. तू मार."

"मी? खुळे काय तुमी!"

"तुका मान नाय, मान जावचो भय नाय. तुझो हात हलाचो नाय. मी सांगतंय तसा कर."

परवाना त्यांच्या नावावर. फौजदाराला कळलं असतं तर दोघांनाही देवगडला नेऊन बसवलं असतं. पण भर दुपारी त्या तापल्या सड्यावर येतंय कोण. मी पदर खोचला आणि पालथी पडले. कातळ पोटाला चटके देत होता. गाल लाकडाला, डोळा दुर्बिणीपासून चार बोटं मागे. रेघा टिळ्यावर आल्या आणि हलायला लागल्या. "श्वास सोड. अर्धो सोड नि थांब. चाप ओढू नको, दाब. आमसूल पिळतस तसो हळूहळू." बार झाला. खांद्यात म्हैस घुसल्यासारखा धक्का बसला. मी चांगली ओरडले. ते हसले, कितीतरी महिन्यांनी.

मग ते बटण फिरवत गेले, बोटांनी टिका मोजत, आणि मी मारत गेले. शेवटचा बार झाला तेव्हा माझा खांदा जांभळा व्हायला लागला होता. मी उठून फळीकडे पळाले. आणि काय सांगू! उंबऱ्यासमोर घातलेल्या रांगोळीच्या चौकोनासारखी सरळ चौकट. चार कोपरे. आणि पाचवं भोक पहिल्याला इतकं चिकटलेलं की दोन्ही मिळून एक झालेली. मी कागद सोडवला आणि पदर सावरत धावत सुटले. "जुळली! अहो, जुळली! दुर्बीण बरी आसा!" असं ओरडत.

आणि सड्याच्या मध्यावर माझे पाय थांबले.

दुर्बीण बरी आहे. कड्या बऱ्या आहेत, तेल निघालं. रायफल बरी आहे, माझ्यासारख्या बाईनं पहिल्यांदा हातात धरून चौकट काढली. मग राहिलं कोण? मला कंदिलाची वात आठवली. घड्याळ आठवलं. वर्तमानपत्र आलं की "वाचून दाखव गो, तुझो आवाज बरो लागता" म्हणायचे ते आठवलं, आणि मी मेली खूश होऊन वाचायचे. "तुझे डोळे तरणे." समोर ते उठून उभे राहिले होते, माझ्याकडे तोंड करून, पण नजर माझ्या थोडी बाजूला.

मी जवळ गेले. त्यांनी कागद घेतला, तोंडाजवळ धरला, लांब धरला, तिरका केला. मग बोटांनी चाचपून भोकं शोधायला लागले. "जुळली म्हणतस?" हळू आवाजात विचारलं. "शेवटचा पयल्यात गेला?"

खोटं बोलणं सोपं होतं. नाही जुळली, चौकट उघडी राहिली, दुर्बीण फुटकी आहे, एवढं म्हटलं की झालं. दोष दुर्बिणीचा, हवालदाराचा हात शाबूत. शिमग्यात ते दुर्बीण काढून उघड्या बंदुकीनं मारायला गेले असते, अंदाजानं. लागली असती तर मान राहिला असता. आणि समोर रानात विश्राम असता, डबा वाजवत, गालावर व्रण घेऊन.

"जुळली," मी म्हटलं. "दुर्बीण बरी आसा. बंदूक बरी आसा."

ते कातळावर बसले. कागद मांडीवर. बोट त्या चौकटीवरून फिरत राहिलं, कोपऱ्यातून कोपऱ्यात. "चूल पसरली तर दुखणा दुसऱ्या जाग्यार," म्हणाले. मग कागदावरचं बोट उचलून, "मधी काळो डाग दिसता माका. ज्याच्याकडे बघतंय ताच दिसना नाय. आजूबाजूचा दिसता. वर्स झाला, जास्तच."

"आणि माका सांगूक तोंडाक काय झालेला?" मी ओरडले. रडत होते आणि ओरडत होते. "इतके महिने माका फळयेकडे पळवलात! विश्रामाचो जीव गेलो असतो म्हणजे?" मला राग आला होता, भयंकर राग. त्यांचा आला होता आणि माझाही. ते माझ्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवायला गेले तर हात पदरावरून निसटला.

माघात बेळगावच्या डॉक्टराला दाखवलं. त्यानं भिंगं लावून बघितलं आणि सांगितलं की दोष आतल्या पडद्याचा आहे, चष्म्यानं भागणार नाही. उजवा गेलाच, डावाही निम्मा गेलाय. परत आल्यावर हे म्हणाले, "चल सड्यार." मला वाटलं, डोकं फिरलं. पण त्यांनी रायफल मलाच दिली. "आता तू लाव. टिळ्यार लाव." मी तीन मारल्या. लहानशी चूल, टिळ्याच्या जरा खाली, उजव्या अंगाला. त्यांनी बोटांनी भोकं बघितली, किती टिका ते सांगितलं, मीच फिरवल्या. पुन्हा तीन. काजळाच्या टिळ्यात तिन्ही. त्यांनी टोप्या घट्ट बसवल्या, रायफल गोधडीत गुंडाळली आणि फडताळावर ठेवली. त्यानंतर शिमग्यापर्यंत तिला हात लावला नाही. सदऱ्याची बटणं मात्र फिरवून फिरवून सगळी तोडली.

पारधीच्या सकाळी देवळासमोर गाव जमला. आम्ही बायका एका अंगाला. भिकाजी गुरवानं नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, पोराबाळांचं, गुराढोरांचं, रानात जाणाऱ्यांचं रक्षण कर म्हणाला, आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मग त्यानं हाक दिली, "हवालदारानू, पयलो बार तुमचो." हे गोधडी उलगडत पुढे गेले. मला माहीत होतं काय होणार ते, रात्री सांगितलं होतं त्यांनी. घरातला माणूस भर सभेत उघडा होणार होता.

"काशिनाथ, हंय ये," ते म्हणाले. काशिनाथ पुढे आला, कमरेवर हात ठेवून. "माझो डोळो गेलो. विश्रामाची मी माफी मागतंय. बार तू मार."

तीन पिढ्या ज्याच्यावर डोळा ठेवला ते हातात आलं आणि काशिनाथाचं तोंड उतरलं. त्यानं रायफल घेतली, दुर्बिणीतून एकदा आकाशाकडे बघितलं. मग सवयीनं म्हणा, शहाणपणानं म्हणा, वरची पितळेची टोपी काढली आणि बटणाला बोट लावलं.

"हात लावू नको!" यांचा पलटणीतला आवाज देवळाच्या भिंतीवर आपटला. "जाग्यार आसा ती."

काशिनाथ दचकला. पण तो काही कच्चा नव्हता. "तुमचो डोळो गेलो म्हणतात. मगे जाग्यार लावली कोणी?"

हे बायकांच्या बाजूला वळले. त्यांना मी दिसत नव्हते, ठाऊक आहे मला. तरी तोंड बरोबर माझ्याकडे. "माझ्या बायलेन," म्हणाले.

कुजबुज सुरू झाली. कोणीतरी हसलं. भिकाजी गुरव देवाकडे बघायला लागला, पुन्हा कौल घ्यावा की काय म्हणून. मी मान खाली घातली नाही. काशिनाथानं माझ्याकडे बघितलं, रायफलीकडे बघितलं, आणि टोपी परत बसवून आवळली. "वयनीन लावली तर जाग्यारच आसतली," म्हणाला. "ती माझा आंगण सुद्धा सरळ करूक निघालेली." लोक हसले, आणि पारध निघाली.

हे देवळाच्या पायरीवर बसून राहिले. वरून हाकारे ऐकू येत होते, डबे, आरोळ्या. बोटं चाललेलीच, धोतराच्या काठाशी. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, चारचौघांत, रीत सोडून. एकच बार झाला. नंतर काही नाही. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "दुसरो झालो नाय मगो?" मी म्हटलं, "नाय." पहिला धावत आला तो विश्राम. गालावरचा व्रण घामानं चमकत होता. "एका बारात!" ओरडला, "दादानू, खांद्याच्या मागसून! जाग्यार!"

संध्याकाळी काशिनाथ शिकारीतला मानाचा वाटा घेऊन आला, केळीच्या पानात. यांच्यासमोर ठेवायला वाकला, मग उठला आणि माझ्या उंबऱ्याशी ठेवून गेला. गडग्यापलीकडून टोमणे मात्र दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू झाले, जित्याची खोड.

पुढे दरवर्षी शिमग्याआधी मी रायफल सड्यावर नेऊन तीन गोळ्या मारत असे, आणि पारधीत पहिला बार काशिनाथ मारत असे. यांचा डावा डोळाही गेला. तरी सड्यावर यायचे, माझ्या खांद्याला धरून. मी फळीवरचा कागद सोडवून त्यांच्या मांडीवर ठेवायचे. ते चाचपून भोकं शोधायचे आणि तिन्हींवर तीन बोटं टेकवून बसायचे. तेवढा वेळ त्यांचे हात हलायचे नाहीत.